पिकअप जुनी, खिसा बेताचा

गोठ्याच्या मागे, चिंचेखाली नाहीतर विहिरीच्या वाटेवर अशी एक पिकअप बऱ्याच गावांत उभी असते. टायर बसलेले, हौद्यात कडबा, टपावर कोंबड्या. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "इंजिन एक नंबर आहे, बॅटरी टाकली की चालू." नव्या पिकअपला आठ-दहा लाख मोजावे लागतात, ही लाखाच्या आतबाहेर मिळते, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की हिलाच उभी करू. करता येते. पण बेताच्या पैशांत ती खरंच रस्त्यावर येणार की अर्ध्या कामावर गॅरेजच्या अंगणात पडून राहणार, हे पैसा कुठल्या क्रमाने घातला यावर ठरतं. बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात आणि ब्रेकपर्यंत पोचायच्या आत खिसा रिकामा होतो.

इथे बोलतोय ते महिंद्राच्या जीपच्या घराण्यातल्या पिकअपबद्दल आणि टाटाच्या २०७ बद्दल. महिंद्राने विलीज जीप मुंबईत जुळवायला घेतली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे, आणि १९६५ पासून ते हलकी मालवाहू वाहनंही बनवू लागले. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने २११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं. २००० साली बोलेरो आली आणि तिच्या नावाच्या पिकअपनी बाजार समित्यांची आवारं भरून गेली. त्यातल्या जुन्या २५२३ सीसी इंजिनाचा बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६. आकडे विचित्र वाटतात, पण इंचात बघा: साडेतीन आणि चार. ट्रॅक्टरच्या जुन्या इंजिनाचं रक्त आहे ते. टाटाने १९८६ मध्ये ४०७ काढली, १९८८ मध्ये टाटामोबाईल. २०७ त्याच मालिकेतली.

या गाड्या दुरुस्त होतात याचं कारण साधं आहे. शिडीसारखी सरळ चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेलं केबिन आणि हौदा, मागे कमानपाटे, आणि डिझेल मोजून देणारा पंप पूर्णपणे यांत्रिक. संगणक कुठेच नाही. देशभर २०१७ पासून बीएस-४ आणि २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तसे पिकअपमध्येही सेन्सर आणि ईसीयू आले. त्या गाड्या धूर कमी करतात हे खरं, पण तालुक्याच्या गावातल्या पान्यांच्या पेटीने त्या उघडत नाहीत.

पान्याला हात लावायच्या आधी कागद. मालवाहू पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि गाडी जुनी होत जाते तशी त्याची फी अनेक पटींनी चढते. खासगी नोंदणी असेल तर पंधरा वर्षांनी नूतनीकरण, तेही पाच-पाच वर्षांचं. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर, पीयूसी, विमा. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट. आरसीवर जुन्या पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, तो उतरवल्याशिवाय नाव बदलत नाही. थकलेला कर गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर नंबर टाकून हे सगळं दहा मिनिटांत कळतं. एक जुनी रीत मात्र स्वतः करावी: चासीवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासायची. ठसा आरसीशी अक्षरशः जुळला पाहिजे. अंक गंजाने खाल्लेले, शेजारी वेल्डिंगची शिवण, किंवा एखादा अंक वेगळ्या ठेवणीचा दिसला तर चहा पिऊन घरी यावं.

आता गाडीकडे. सगळे बॉनेट उघडतात. मी म्हणेन आधी मालकाला विचारा, हिने आयुष्यभर काय वाहिलं? कारण पत्रा कुठे आणि किती सडला असेल हे त्या उत्तरात असतं. कांद्याची, द्राक्षाच्या क्रेटची गाडी असेल तर नशीबवान. धूळ असते, पण ती कोरडी. दुधाची गाडी वरून स्वच्छ दिसते, कारण रोज धुतलेली असते, आणि तेच तिचं दुखणं. सांडलेलं दूध आंबून लॅक्टिक आम्ल होतं, धुण्याचं पाणी ते हौद्याच्या पत्र्याखाली ढकलतं, आणि आडव्या चॅनेलच्या वर ते दोन्ही मुरत राहतात. खताची गाडी त्याहून वाईट. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. फाटक्या गोणीतून सांडलेलं हे मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडून आत शिरतं. शेणखताचंही तसंच, ओल आणि अमोनिया दोन्ही. कोकणातली मासळीची गाडी असेल तर विचारायलाच नको, बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर ठिबकलेलं असतं. आणि वाळू-खडी वाहिलेली गाडी गंजत नाही, तडकते.

म्हणून सोबत एक लहान हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर न्यावा. गाडीखाली आडवं होऊन चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचं. धड पोलाद टणटण बोलतं. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि खपल्या अंगावर पडतात. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे रिव्हेटने बसवलेत ती जागा, केबिन आणि हौद्याच्या मधली खाच, आणि मागच्या चाकाच्या वर जिथे चिखल थापला जातो तो भाग, इथे थांबून बघायचं. रिव्हेटभोवती तांबूस भुकटीचं कडं दिसलं तर रिव्हेट सैल होऊन हलतंय. स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर आत गेला तर तिथे पत्रा नाही, नुसता रंग आहे. विकायच्या आदल्या आठवड्यात काळा रंग मारलेली चासी दिसली तर जास्तच ठोकावं.

तडा असेल तर तो वेल्डिंगने भरता येतो, पण नुसती वर शिवण मारली की तो शेजारी पुन्हा उघडतो. तड्याच्या टोकाला आधी ड्रिलने भोक पाडायचं, म्हणजे ताण एका टोकाशी साठत नाही. मग तडा ग्राइंडरने व्हीच्या आकारात खोल उघडून भरायचा आणि वर जोडपट्टी लावायची. ही पट्टी चौकोनी कापू नये. तिची टोकं तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापली, तर वेल्डिंगची रेघ चासीच्या आडवी एकाच ओळीत येत नाही. चासीची वरची आणि खालची कड सगळ्यात जास्त ताण घेते, तिच्यावर आडवी शिवण मारणारा वेल्डर दिसला तर त्याला तिथेच थांबवा. काम चालू असताना बॅटरीची तार काढून ठेवायची, नाहीतर डायनॅमोचे डायोड उडतात. मग तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड, त्यावर काळा. जळकं ऑइल फवारायची गावठी पद्धत गंज अडवते, नाही असं नाही, पण पाट्यांचे रबरी बुश त्याने फुगून फाटतात आणि ऑइल शेवटी शेतात गळतं. मला ती पटत नाही.

चासी धड निघाली की पहिला पैसा ब्रेकला. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल आपोआप बिघडतं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि उतारावर तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. तेव्हा मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ऑइल एकदम बदलावं. थोडं थोडं बदललं तर जुनं रबर नव्या दाबाने फाटतं. ड्रम लेथवर साफ करून मिळतात, पण किती घासायचे याची मर्यादा ड्रमवरच कोरलेली असते, ती ओलांडली की ड्रम भंगारात. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

इथे एक गोष्ट ड्रायव्हर लोकांनाही नीट माहीत नसते. पेट्रोल इंजिनात हवा अडवणारी झडप असते, तिच्यामागे आपसूक निर्वात तयार होतो आणि तोच ब्रेकच्या बूस्टरला मदत करतो. या डिझेल इंजिनात ती झडप नसते. म्हणून निर्वात तयार करायला वेगळा पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो डायनॅमोच्या पाठीवर बसवलेला असतो. इंजिन बंद झालं की पंप बंद. बूस्टरमध्ये उरलेल्या निर्वातावर एक-दोनदा ब्रेक लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. डिझेल वाचवायला कसाऱ्याचा घाट इंजिन बंद करून उतरवणारे महाभाग आजही आहेत. आणि पेडल कायम जड लागत असेल तर लायनरला दोष द्यायच्या आधी हा पंप आणि त्याची नळी तपासावी. कधी कधी पन्नास रुपयांच्या नळीला चीर गेलेली असते.

ब्रेकनंतर स्टेअरिंग. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट; आडवा खेळ असेल तर टायरॉडचे एंड. पाटे बसले असतील तर कमान मारणाऱ्याकडून पुन्हा वाक देऊन घ्यावेत, बुश नवे, यू-बोल्ट नवे. बहुतेक जण याच वेळी एक जादा पाटा टाका म्हणतात. तो टाकल्याने गाडी बसत नाही, पण वजन सोसायची चासीची, हाउसिंगची आणि ब्रेकची ताकद तेवढीच राहते, आणि आरसीवरचं एकूण वजनही तेच. जादा भाराला कायद्यात वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

इंजिनाबद्दल मी कंजूष आहे. "आता उघडलंच आहे तर फुल काम करून घेऊ" या एका वाक्याने कितीतरी पिकअप गॅरेजमध्ये बसवल्या आहेत. आधी टाकी रिकामी करून धुवायची, कारण वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी आणि शेवाळासारखी घाण असते. डिझेल आणि हवेचे फिल्टर, ऑइल, बेल्ट बदलायचे, आणि मग इंजिन चालू करून चांगलं तापू द्यायचं. तापल्यावर धुराचा रंग बघायचा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला दिले की बहुतेकदा भागतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनात चालतो, तापल्यावरही टिकला तर हेड गॅसकेटमधून पाणी शिरत असेल. मग ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनात उघडून तळहात वर धरावा. हलकी फुंकर ठीक. झाकण उडवणारे भपके येत असतील तर रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन मोजून घेता आलं तर उत्तम. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिन तसंच चालू द्या, थोडं ऑइल खाल्लं तरी. शेतीमाल चाळीस किलोमीटरवरच्या बाजारात न्यायला शर्यतीचं इंजिन लागत नाही. रेडिएटर मात्र उघडून, साफ करूनच घ्यावा. विहिरीचं जड पाणी ओतून ओतून त्याच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात, आणि तापलेलं हेड वाकलं की वाचवलेले सगळे पैसे एका दिवसात जातात.

भंगारातून काय घ्यावं आणि काय नाही, याचा माझा नियम साधा आहे. दारं, बॉनेट, काचा, सीट, गिअरबॉक्स, हाउसिंग खुशाल जुनं घ्या; पुण्याचा जुना बाजार, मुंबईतलं कुर्ला, कोल्हापूरचं उद्यमनगर इथे शोधणाऱ्याला मिळतं. ब्रेकचा कुठलाही भाग, टायरॉड एंड, बेअरिंग, ऑइल सील आणि होज जुनं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. आणि अख्खं इंजिन घेत असाल तर त्याच्या नंबराचं बिल घ्या. बिल नसलेलं इंजिन चोरीचं निघालं तर निस्तरणं तुमच्या गळ्यात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत पण आकडे दहा वर्षांमागचे, असा टायर पुढे लावू नये. रिमोल्ड केलेलाही नाही.

वायरिंगला उंदीर आणि जुगाड दोघांनी कुरतडलेलं असतं. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी हमखास सापडते. इथे कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक पडतो तो हेडलाइटमध्ये. लोक उजेड कमी म्हणून शंभर वॅटचे बल्ब किंवा टपावर एलईडीची पट्टी लावतात. खरा दोष तारेत असतो. जुन्या गाडीत दोन्ही दिव्यांचा करंट बारीक तारेतून आणि डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, वाटेत व्होल्टेज पडतं. आणि हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. बॅटरीपासून जाड तार, मध्ये फ्यूज आणि रिले, आणि चासीला स्वच्छ अर्थिंग एवढं काही शे रुपयांत होतं. मग ६०/५५ वॅटचा कायद्यात बसणारा बल्बच पुरेसा पडतो.

इथवर आल्यावर हौस करावी, आणि पिकअपमध्ये हौसेची खरी जागा म्हणजे हौदा. तळाला तीन मिलिमीटरचा पत्रा टाकायचा की फळ्या? अडीच मीटर लांब आणि एक मीटर सत्तर रुंद तळाला असा पत्रा शंभर किलोच्या आसपास भरतो; इंचभर जाडीच्या बाभळीच्या फळ्या पंचाऐंशीच्या घरात. म्हणजे वजनात फार फरक नाही. पण फळी सडली तर तेवढीच बदलता येते, फटींतून पाणी आणि दूध खाली निघून जातं, जनावराचा पाय घसरत नाही. खडी टाकणार असाल तरच पत्रा. हौद्याची आतली रुंदी आपल्या क्रेटच्या पटीत ठेवावी. चाळीस सेंटिमीटरचे चार क्रेट एका ओळीत दाटीने बसले की दोर कमी लागतो आणि टोमॅटो कमी ठेचतो. कडेने दोर बांधायचे हूक, ताडपत्रीसाठी काढता-घालता येणाऱ्या कमानी, बिजागरीचा फाळका, खाली हत्यारांची पेटी. हौद्याची बाहेरची लांबी-रुंदी मात्र वाढवायची नाही.

कारण तिथून पुढे कायदा सुरू होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रंग बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यायची. इंजिन बदलायचं तर त्याच जातीचं, तेही आधी परवानगी घेऊन. चासी लांबवणं, सिंगल केबिनचं डबल करणं, पुढे लोखंडी बुलबार लावणं हे बाद. बुलबारला केंद्राने २०१७ मध्येच मनाई केली आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका कारागिराने भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी बनवली होती. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण नियमांत न बसणारी ही गाडी अधिकारी कधीतरी अडवतीलच असं सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात ती अदलाबदल झालीही. कौतुक करणाऱ्यालाही ती गाडी रस्त्यावर चालेल असं म्हणता आलं नाही, हे लक्षात ठेवावं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण तिच्यावर धंद्याचा माल वाहता येत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. गंज काढून रेड ऑक्साइड, पातळ लांबी, आणि वर सिंथेटिक इनॅमल. पिकअपला त्याहून भारी रंग म्हणजे पहिल्याच हंगामात ओरखडे. पीयू रंग सुंदर दिसतो, पण तो फवाऱ्याने मारताना साधा रुमाल बांधून चालत नाही, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं बाधतं. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी चांगल्या प्रतीची लावा. फाळक्यावर पेंटरकडून गावदेवाचं, पोरांचं नाव हवं ते लिहून घ्या. 'हॉर्न ओके प्लीज' तेवढं नको, महाराष्ट्रात त्याला २०१५ पासून बंदी आहे.

पैशांचा हिशेब एकच ठेवा: गाडी जितक्याला घेतली, तितकेच निदान आणखी बाजूला काढलेले असावेत. ते नसतील तर घेऊ नका. आणि हातोडीला दोन्ही बाजूंची चासी मागच्या ब्रॅकेटपाशी बसकी बोलली, तर मालकाने किंमत निम्मी केली तरी सोडून द्या. आपल्याच दारातली गाडी अशी निघाली तर ती भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवल्यावर नव्या मालवाहू गाडीच्या वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत, खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे.